रोबोटवर नारळाचं पाणी

चहा घ्या आधी, मंग सांगतो मी दसऱ्याच्या दिवशी काय दिवे लावले ते. हसायचं असंल तं हसा, आमच्या घरात अजून हसूनच राहिले.

आमची शीतल अकोल्याले इंजिनिअरिंगले आहे. पोट्टी हुशार! बाप आहे म्हणून नाई म्हणत, बार्शीटाकळीत कोणालेही विचारा. तिनं हौसेनं एक चार चाकाचा रोबोट बनवला. वांग्याच्या वाफ्यातून आपोआप फिरते अन् कुठं माती कोरडी पडली ते सांगते. आमी जन्माचे भाजीवाले, आमाले माती हातात घेतल्याशिवाय ते समजत नाई. अन् दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी तिची अमरावतीले स्पर्धा होती. सारा पावसाळा पोट्टी त्याच्यापायी खपली होती.

आता दसऱ्याले आपल्याकडं अवजारांची पूजा. विळे धुतले, फवारणीचा पंप पुसला, मोटरसायकलले हार घातला. मंग मनात आलं, रोबोटनंच काय पाप केलं? तोही कामाचाच गडी ना! शीतल आंघोळीले गेलती. रोबोट चालूच होता, अन् वरून उघडा. मी हळद-कुंकू लावलं, फूल ठेवलं, नारळ फोडला अन् पाणी शिंपडलं. मोटरसायकलवर शिंपडतो तसंच. हात सढळ आहे आपला, काय करता?

चर्र झालं. धूर निघाला. मले वाटलं उदबत्तीचा. तेवढ्यात चाकं गरकन फिरली अन् रोबोट सरकत सरकत देव्हाऱ्यापुढं जाऊन थांबला. मी तं हातच जोडले. बायकोले हाक मारली, "अवं, इकडं ये! रोबोट देवाच्या पाया पडून राहिला!"

तीही भोळी. तिनं वरून अक्षता टाकल्या.

शीतल बाहेर आली, वास घेतला अन् पळत येऊन बॅटरीची वायरच उपसली.

"बाबा, काय टाकलं याच्यावर?"

"तीर्थ," मी म्हटलं.

तिनं वाकून आत पाहिलं. मले वाटलं, आता माझी काही खैर नाई. तिच्या जागी मी असतो तं घर डोक्यावर घेतलं असतं. पण पोट्टीनं पेचकस आणला. कंट्रोलर, म्हणजे रोबोटचा मेंदूच म्हणा, सुटा केला, ब्रशनं कुंकू झाडलं, स्पिरिटनं पुसून वाळू दिला. मंग मल्टिमीटर काढलं अन् एकेका जागी त्याची टोकं टेकवून पाहू लागली. मी समोर बसलो, तोंड एवढंसं करून.

मीटर वाजलं. मी टाळीच वाजवली. "जित्ता आहे!"

"बाबा, इथं वाजलं म्हणजे शॉर्ट आहे," ती म्हणाली. "वाजू नये म्हणून तं जीव वर-खाली होऊन राहिला माझा."

मी हात मांडीखाली दाबून बसलो. तिनं चाकं फिरवणारा छोटा बोर्ड काढून बाजूले ठेवला, तो जळाला होता. कंट्रोलरले पुन्हा मीटर लावलं. यावेळी गप. माझ्या डोळ्यात पाणीच आलं, म्हटलं गेली पोट्टीची मेहनत. अन् ही हसून राहिली! गप आहे म्हणजे वाचला, म्हणे. तिनं पहिले बनवलेल्या रिमोटच्या जुन्या गाडीतला बोर्ड काढून तिनं इथं जोडला, अन् दुपारी रोबोट अंगणात फिरला. खरं सांगतो, मी तिच्या वयाचा असताना साधा फ्यूज बदलाले शेजाऱ्याले बोलवत होतो. ऊर भरून आला माझा.

अमरावतीले मी पिशवी घेऊन पहिल्या रांगेत बसलो. रोबोट बरोबर कोरड्या मातीपाशी जाऊन थांबला. परीक्षक खूश. वरच्या नव्या प्लास्टिकच्या झाकणावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "हे छान सुचलं तुला. पावसासाठी का?"

"नाई सर," शीतल म्हणाली, "हे बाबांसाठी आहे."

सारा हॉल माझ्याकडं पाहून हसला. मीही हसलो, अन् पिशवीतला नारळ पायानं हळूच खुर्चीखाली सरकवला.