किलोच्या भावाने घेतलेला लॅपटॉप

नागापूरच्या एमआयडीसीत माझं छोटं वर्कशॉप आहे. दोन लेथ आणि कॉम्प्युटरवर चालणारं एक जुनं मशीन. ते मशीन मी पुण्याच्या एका बंद पडलेल्या कारखान्यातून इतक्या कमी किमतीत उचललं, की विकणारा माणूस मला टेम्पोपर्यंत सोडायलासुद्धा आला नाही. मोठ्या कंपन्यांना लागणारे सुटे भाग आम्ही बनवून देतो. शेवगावकडच्या कोरडवाहू गावातून हेल्पर म्हणून आलो होतो, तेव्हापासून आजवर भावात मला कोणी फसवलेलं नाही. अपमान मात्र एकाने केला आहे.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या वर्कशॉपपासून दहा मिनिटांवर एक कंपनी आहे. तिथल्या खरेदी अधिकाऱ्याने पंपाच्या हाऊसिंगसाठी, म्हणजे पंपाच्या बाहेरच्या कवचासाठी, आम्हा पाच जणांना बोलावलं. पेन ड्राइव्हवर ड्रॉइंग दिलं आणि म्हणाला, उघडा आणि सांगा कसं करणार. माझ्याकडे मुलीचा कॉलेजातला जुना लॅपटॉप होता. त्याने ड्रॉइंग अर्धं दाखवलं आणि तो गार पडला. मी बटणं दाबत राहिलो. वयाने माझ्या धाकट्या भावापेक्षाही लहान असलेला तो अधिकारी खुर्चीत मागे रेलून म्हणाला, "काका, राहू द्या. तुम्ही कागदावरच बरे."

बाकीचे चौघे हसले. त्यातल्या एकाला मायक्रोमीटर धरायला मी शिकवलं होतं. ऑर्डर त्यालाच गेली.

आता 'काका' या शब्दाबद्दल माझी तक्रार नाही. भाजीवालीही मला काका म्हणते. पण आमच्या धंद्यात ऑर्डर द्यायची असली की 'शेठ' म्हणतात आणि द्यायची नसली की 'काका'. हे ज्याला कळत नाही त्याने एमआयडीसीत गाळा घेऊ नये.

या वर्षी त्याच कंपनीकडून पुन्हा बोलावणं आलं. नव्या डिझाइनचं हाऊसिंग, मीटिंग सोमवारी अकराला, प्रत्येक व्हेंडरचा एकच माणूस, लॅपटॉप आपापला आणायचा. माझी मुलगी मेकॅनिकलचा डिप्लोमा करून माझ्याच वर्कशॉपमध्ये ड्रॉइंग आणि प्रोग्रॅमचं काम बघते. तिने निरोप वाचला आणि म्हणाली, "आप्पा, आता नवा घ्यावाच लागेल."

"घेऊ की. पण त्या साहेबाकडं हाय तसला घ्यायचा."

त्या खरेदी अधिकाऱ्याचा, म्हणजे साहेबाचा, लॅपटॉप माझ्या डोळ्यांसमोर होता. चंदेरी, पापडासारखा. साहेब तो दोन बोटांत धरून चालायचा, जसं काही आत वजनच नाही. मी घरी आरशासमोर स्टीलचं ताट दोन बोटांत धरून चालून पाहिलं होतं. जमत होतं.

सावेडीतल्या दुकानात गेलो. पाच पायऱ्या चढून जावं लागतं. दुकानदाराने माझा चेहरा बघितला आणि नेमका तोच पापड पुढे केला.

"शेठ, उचलून बघा. हातात हाय का न्हाई, कळणार न्हाई."

"म्हणजे चोरीला गेला तरी कळणार न्हाई."

"तसं नाही शेठ. वजनाला हलका, बॅटरी दिवसभर. मोठमोठे साहेब हाच नेतात."

मुलीने पेन ड्राइव्ह काढला आणि ड्रॉइंग उघडलं. पापडाने हाऊसिंग दाखवलं, पण ती ते फिरवायला गेली की ते जरा थांबे, मग एकदम उडी मारे. मग तिने दुसऱ्या टेबलावरचा काळा धूड लॅपटॉप मागितला. त्याच्यावर तेच हाऊसिंग भोवऱ्यासारखं फिरलं. मागून पंख्याचा आवाज मात्र असा आला, की मला वाटलं मागे कोणी पिठाची गिरणी सुरू केली.

"आप्पा, हा."

"हा? हा घेऊन मी कंपनीत जाऊ? हा लॅपटॉप हाय का शिलाई मशीन?"

पुढचा अर्धा तास ती मला प्रोसेसर, ग्राफिक कार्ड आणि मेमरी समजावत होती. मी ऐकत होतो आणि पापडाकडे बघत होतो. शेवटी तिने दोन्ही लॅपटॉप शेजारी शेजारी ठेवले. मग सहज बोलावं तसं म्हणाली, "आप्पा, दोन्हीचं वजन करून बघायचं का?"

एमआयडीसीत सगळं वजनावर चालतं. लोखंडाची सळई किलोवर, कास्टिंग किलोवर, लेथखाली पडलेला कीससुद्धा किलोवर. ज्यात माल जास्त, त्याची किंमत जास्त, हे मला कोणी शिकवायला नको. आम्ही दोन्ही लॅपटॉप घेऊन शेजारच्या सुकामेव्याच्या दुकानात गेलो. लॅपटॉपचा दुकानदार "शेठ, शेठ" करत मागून पळत आला. काजूच्या काट्यावर पापड एक किलो दोनशे भरला. धूड दोन किलो चारशे, आणि त्याच्या चार्जरची वीट वेगळी, सातशे ग्रॅम.

"पापड कितीला?"

"ऐंशी हजार."

"आणि हा?"

"चौऱ्याऐंशी."

मी जागीच थांबलो. चार हजारांत दुप्पट माल. आणि हा माणूस मला सकाळपासून अर्धा माल गळ्यात मारत होता! सुकामेवावाल्यासमोर मी त्याला जे बोललो ते इथे लिहीत नाही. तो कळवळून सांगत होता, "अहो शेठ, लॅपटॉपमध्ये हलक्याचेच पैसे असतात." असलं वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. धूडच घ्यायचा ठरला. वजन करायचं मुलीला का सुचलं, हे मला घरी आल्यावर कळलं. लेक माझीच आहे.

मग भाव. माझी एक रीत आहे. शेवटचा आकडा सांगायचा, उठायचं आणि पायऱ्या उतरायला लागायचं. तिसऱ्या पायरीवर हाक येतेच. मी ऐंशी म्हणालो, उठलो आणि उतरलो. तिसरी पायरी गेली, पाचवीही गेली. रस्त्यावर येऊन मी स्कूटरला किकसुद्धा मारली. हाक नाही. वळून बघतो तर मुलगी आत खुर्चीत बसून नव्या लॅपटॉपवरचं प्लास्टिक सोलत होती. दुकानदार तिला चहा देत होता. मला कोण कशाला हाक मारेल?

वर गेलो. साडेब्याऐंशी हजारांवर सौदा ठरला, वर एक बॅग फुकट घेतली. बॅग पापडाच्या मापाची निघाली.

म्हणून सोमवारी मी तो लॅपटॉप आमच्या वायरच्या पिशवीत घालून कंपनीत गेलो. वर चार्जरची वीट. वॉचमनने विचारलं, "डबा का?" मी पिशवी काखेत मारून आत गेलो.

मुलीने मला निघताना दोनच गोष्टी सांगितल्या होत्या. एक, कुठे दाबलं की ड्रॉइंग उघडतं. दुसरी, "आतली खोबण बघा आप्पा. तिथं कापायचं टूल पोहोचतच नाही, समोरची भिंत आडवी येते. डिझाइनच चुकलंय त्यांचं. आधी हे दाखवा, भाव मग सांगा."

अकराची मीटिंग याचा अर्थ अकराला येऊन बसायचं, एवढाच. मी रिसेप्शनच्या सोफ्यावर बसलो आणि ऐनवेळी फजिती नको म्हणून तिथेच ड्रॉइंग उघडून ठेवलं. उघडलं, पण मिटवायची हिंमत होईना. मिटवल्यावर पुन्हा नाही उघडलं तर? म्हणून तो तसाच मांडीवर चालू ठेवून बसलो. साडेअकरा झाले. मांड्या भाजायला लागल्या. बारा झाले. बाकीचे व्हेंडर आपापले लॅपटॉप मिटवून शांत डुलक्या घेत होते. सव्वाबाराला माझ्या स्क्रीनच्या कोपऱ्यात लाल खूण आली. बॅटरी संपत आली होती. दुप्पट माल, पण बॅटरी दीड तासाची, हे काजूच्या काट्यावर दिसलं नव्हतं.

ऑर्डर, दोन वर्षं, साडेब्याऐंशी हजार, सगळं त्या लाल खुणेत आलं. मी रिसेप्शनवरच्या बाईंना प्लग विचारला.

"काका, व्हिजिटरसाठी प्लग नाही."

"मग ते काय हाय?"

"ते कॉफीच्या मशीनचं आहे. काका! काका, ते काढू नका!"

मी काढलं. माझी वीट लावली. वायर आखूड होती, म्हणून लॅपटॉप जमिनीवर ठेवला आणि शेजारी मांडी घालून बसलो. बाई फोनवर कोणाला तरी सांगत होत्या, की एक काका ऐकत नाहीयेत. बाकीचे व्हेंडर जागे झाले.

दहा मिनिटांत आतलं दार उघडलं आणि साहेब रिकामा कप घेऊन बाहेर आले.

"कॉफीचं काय झालं?"

"सर, या काकांनी..."

"साहेब," मी खालूनच म्हणालो, "तुमचाच पार्ट उघडून ठेवलाय. बंद पडला असता तर पुन्हा उघडायला वेळ गेला असता, तुमचा. आता आलाच आहात तर ही खोबण बघा. इथं टूल कुठून घालणार?"

"कुठून म्हणजे? समोरून."

"समोर भिंत हाय."

"नाही हो काका, भिंत कशी असेल?" साहेब आत गेले आणि आपला पापड घेऊन आले, दोन बोटांत धरून. ड्रॉइंग उघडलं. फिरवायला गेले तर पडद्यावर निळं गोल चक्कर सुरू झालं. ते फिरत राहिलं. साहेब बोटाने टकटक करत राहिले. आम्ही पाच व्हेंडर, बाई आणि वॉचमन, सगळे ते चक्कर बघत होतो.

माझ्याकडे दोन वर्षं घासून ठेवलेलं एक वाक्य होतं. साहेब, राहू द्या, तुम्ही कागदावरच बरे. ते दातांपर्यंत आलं. पण ऑर्डर अजून त्याच्याच हातात होती. वाक्य गिळलं. घशाखाली उतरवायला कॉफीही नव्हती. मशीन मीच बंद केलं होतं.

शेवटी साहेब पँट सावरत माझ्या शेजारी उकिडवे बसले. मी हाऊसिंग फिरवून भिंत दाखवली. त्यांनी पडद्यावर बोट ठेवून ते भिंतीपासून खोबणीपर्यंत नेलं. मग हळूच म्हणाले, "आत या." डिझाइन बदललं. पन्नास नगांची ट्रायल मला मिळाली. मोठी ऑर्डर आणि तिचा दर ट्रायल पास झाल्यावर ठरणार होता.

निघताना साहेबांनी विचारलं, "काका, हा कितीला पडला? मलाही घरी असाच घ्यायचाय. तुमचं बार्गेनिंग लई जोरात असतं म्हणे. याल का बरोबर?"

मी हो म्हणालो. मनात ठरवलं, की एक शब्द बोलायचा नाही. दुकानदार जो आकडा सांगेल तो साहेबाला भरू द्यायचा. दोन वर्षांचं व्याज तिथं वसूल.

घरी हा बेत सांगितला तर मुलगी म्हणाली, "आप्पा, ते तुमच्याच्यानं होणार नाही."

"बघच तू."

रविवारी आम्ही पाच पायऱ्या चढलो. दुकानदार म्हणाला, चौऱ्याऐंशी. मी छताच्या पंख्याकडे बघत बसलो. साहेबांनी मुकाट्याने कार्ड काढलं. सगळं ठरल्यासारखं चाललं होतं. पण तेवढ्यात दुकानदार हसला. गिऱ्हाईक न भांडता पैसे देतं तेव्हा दुकानदार जसा हसतो, तसा. ते हसू मी सहन करू शकलो नाही.

"बॅटरी दीड तासात बसती, हे साहेबांना सांगितलं का?"

पुढची वीस मिनिटं मी काय बोललो ते मला नीट आठवत नाही. शेवटी एक्क्याऐंशी म्हणालो, उठलो आणि उतरायला लागलो. साहेब गोंधळले, पण कार्ड खिशात घालून माझ्यामागे निमूट उतरायला लागले. एक, दोन. तिसऱ्या पायरीवर हाक आली.

"शेठ! या ना वर, असं काय करता?"

एक्क्याऐंशीला मिळाला. बॅग फुकट, तीही बरोबर मापाची. साहेब इतके खूष झाले की रस्त्यावर मला म्हणाले, "काय ट्रिक आहे काका ही! तिसरी पायरी." त्यांना तो माझ्यापेक्षा दीड हजाराने स्वस्त पडला, आणि तो मीच पाडून दिला. घरी आलो तेव्हा मुलगी दारातच होती. माझं तोंड बघून ती आत जाऊन हसली.

ट्रायलचे पन्नास नग पास झाले. दर ठरवायला साहेब स्वतः वर्कशॉपमध्ये आले, खांद्यावर ती नवी बॅग घेऊन. वजनाने एका बाजूला कलले होते. मी दर सांगितला. त्यांनी त्यातून चाळीस रुपये कमी करून एक आकडा सांगितला आणि उठले.

"बघतो मग काका, दुसरीकडं."

आणि चालायला लागले. ती चाल मी ओळखली. माझीच होती.

त्यांनी एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं. तिसऱ्यावर जरा थांबले, चपलेत खडा गेल्यासारखं केलं. मुलगी खुर्चीतून अर्धी उठली.

"बस खाली," मी म्हणालो.

"आप्पा, वर्षभराची ऑर्डर आहे."

"बस."

खोटं कशाला सांगू? ती ऑर्डर गेली असती तर दुसऱ्या लेथवरच्या माणसाला मला घरी बसवावं लागलं असतं. पण मी मान खाली घालून ड्रॉइंग बघत राहिलो. साहेब फाटकापर्यंत गेले. तिथे थांबले. मी त्यांना तिसऱ्या पायरीपर्यंतचं शिकवलं होतं. हाक आली नाही तर काय करायचं ते शिकवलं नव्हतं. ते फाटकाशी फोन कानाला लावून उभे राहिले. फोनचा पडदा काळा होता, मला इथून दिसत होता.

दोन-तीन मिनिटं गेली. मग ते परत आले.

"शेठ, जरा पाणी मिळेल का?"

"मिळेल की साहेब. बसा. चहा सांगतो."

दर माझाच राहिला. लॅपटॉपचे दीड हजार मी पहिल्या लॉटच्या दरात आधीच बसवले होते का, असं मुलगी अधूनमधून विचारते. मी तिलाही चहा सांगतो.