माग चालू ठेवूनच गाणं रेकॉर्ड होणार

मित्रांनो, आज दुपारी आमचा दोघांचा बँड मोडता मोडता राहिला.

मी गिटार वाजवतो आणि गातो, इमरान ड्रम वाजवतो. आमच्या यंत्रमागांच्या शहरात, धामणकर नाक्याजवळ, त्याच्या चाचांचा लूमचा कारखाना आहे. तिथेच, माग धडधडत असताना, आम्ही चार वर्षं सराव केला. आज ठाण्याच्या स्टुडिओत पहिलं गाणं रेकॉर्ड करायचं होतं. त्या चिडीचूप खोलीत इमरानचा ठेका दर वेळी घसरला.

स्टुडिओवाले म्हणाले, "गाणं चांगलंय. ड्रमर दुसरा देतो."

"घे ना यार," इमरान खाली बघत म्हणाला. "लूमचा आवाज नसला की माझे हातच चालत नाहीत."

"मग माइक लूमपाशी नेऊ. उठ."

तिथूनच चाचांना फोन लावला. ते म्हणाले, "आओ बेटा, पण तुमच्या गाण्यासाठी लूम बंद नाय करणार हां."

"बंद करूच नका, चाचा."

शनिवारी रेकॉर्डिंग आहे. ज्या आवाजावर आमचं शहर जगतं, तो आमच्या गाण्यातून कुणीही पुसणार नाही. तुमच्या हातांना कुठल्या आवाजाची सवय आहे?