मामांचा त्रिकोण

तीन बाजूंची एकही वस्तू माझ्या मामांच्या हातून बिननावाची सुटायची नाही. मामा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. केडगावला त्यांची वेल्डिंगची शेड आहे. पत्र्याच्या छपराखालच्या तिकोनी लोखंडी कैच्या ते तिथं बनवतात. शाळा सातवीतच सुटली, पण काटकोन डोळ्यांत बसलेला. स्टेशनवरून सामोसे आणले तरी आधी बाजूंची नावं सांगायची, मग खायचं. आत्या वैतागायची, "अवो, गार व्हतंय. खाऊ द्या की पोरीला!" मामा म्हणायचे, "कर्ण दाखवला की खाईल."

नववीत मला समोरची बाजू कुठली आणि लगतची कुठली, हे काही केल्या कळेना. मामांनी शेडच्या कोब्यावर ऑइलपेंटने भलामोठा काटकोन त्रिकोण आखला. एक बाजू गेटाकडची, एक ड्रिल मशीनकडची, तिसरी तिरकी. मला एका टोकाला उभं केलं.

"समोर कोण?"

"गेटाची."

"आन् लगत?"

"मशीनची."

मग दंडाला धरून तिरक्या बाजूच्या दुसऱ्या टोकाला नेलं. आता गेटाची बाजू लगतची झाली होती! मामा खूश. "बाजू हाय तिथंच हाय. तू कुठं उभी, त्यावर तिचं नाव."

पुढं मी शिरूरला कॉलेजात गेले. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच. माझं बघून मामांनी पंचावन्नाव्या वर्षी बाहेरून दहावीला बसण्याचा सतरा नंबरचा फॉर्म भरला. "समदं येतंय, फकस्त त्रिकोणाच्या कोपऱ्यांना ते पी-क्यू-आर लिवायची सवय न्हाई. पेपराआधी एक रविवार ये." मी हो म्हणाले. त्या रविवारी मैत्रिणीचा वाढदिवस होता. मी फोनवर सांगितलं, माझी परीक्षा आहे. परीक्षा नव्हती.

मामांचे बाकीचे विषय सुटले, गणित राहिलं. भेटले तेव्हा तेच हसत होते. "सगळीकडं लिवून आलो, समोरची बाजू गेटाची. तपासणाऱ्याला आपलं गेट कुठनं दिसणार?"

"पुन्हा फॉर्म भरा ना, मामा."

"बघू."

"मी त्या रविवारी यायला पाहिजे होतं."

"तुजी परीक्षा व्हती ना? मग?" असं म्हणून त्यांनी सामोशांची पुडी माझ्यापुढं सरकवली.

मी एक सामोसा उचलला आणि तसाच हातात धरून थांबले. तो गार होत गेला. मामांनी बाजूंची नावं विचारलीच नाहीत.