आतून लिंपलेली ढोली

चैत्र सरत आला की लिंबाच्या मोहोराचा कडवट-गोड वास उन्हाबरोबर घरात शिरतो आणि दुपारभर अंगाला चिकटून राहतो. मांजरसुंब्याच्या घाटाखालच्या त्या गावात, अक्काच्या सासरी, मी मुराळी म्हणून गेलो तेव्हा परसात हाच वास दाटला होता. पण त्यात रमायला मला सवड नव्हती. सातव्या महिन्यातल्या बहिणीला बाळंतपणासाठी माहेरी न्यायला मी बैलांची दमणी जुंपून आलो होतो, आणि तिच्या खोलीचं दार बंद होतं.

बंद दाराचा मला फार संशय. निजामाची सरहद्द चुकवून, नगरकडच्या कापडाच्या गठ्ठ्यांत दडून आमच्याकडे बायकांच्या सुटकेची पत्रकं येत, आणि त्यांवरच माझं वाचन पोसलं. दार लावलेलं दिसलं की आधी किल्ली कोणाच्या कमरेला आहे ते पाहावं, हे मी त्यांतूनच शिकलो. दाजी गुळाचे व्यापारी. कपाळावर भस्माचे पट्टे, बोलणं हळू. हळू बोलणाऱ्या पुरुषांचा संशय मला अधिकच.

“येत न्हाई म्हणती,” ते म्हणाले. “आमी काय बांधून ठिवलंय का? तुमीच इचारा.”

मी दाराशी जाऊन हाक मारली. आतून अक्काचा आवाज आला, “आप्पा, दोन डाव बसले त्या दमणीत, दोन्ही डाव घाटात पोट पडलं. औंदा मी हितंच. जो येतो तो पोटाला हात लावून बघतो, म्हणून कडी घातलीय. मीच घातलीय.”

घरी त्या दोन्ही वेळांना आम्ही दैव म्हणून मोकळे झालो होतो. तिचं हे उत्तर मला फारच नीट वाटलं, पढवल्यासारखं. मी धुमसत परसात गेलो.

तिथल्या जुन्या लिंबाच्या ढोलीत धनेशाची मादी अंडी घालून बसली होती. ढोलीचं तोंड वाळक्या गिलाव्यानं बुजवलेलं, मधे चोचीपुरती फट. राखी रंगाचा नर येई, खोडाला बिलगून गळ्यात साठवलेली वडाची फळं एकेक करून वर काढी आणि त्या फटीत देई. गावातली वडीलधारी माणसं या पाखराकडे बोट दाखवून सुनांना पातिव्रत्य सांगत. मला त्या भिंतीत पडदा दिसला, जनाना दिसला; आणि एवढ्या निष्ठेनं फळं पुरवणारा तो नर मला पहारेकऱ्याहून वेगळा वाटेना. जो पोसतो तोच कोंडतो, हे वाक्य पत्रकासाठी मनात तयारही झालं. मी कुडाला टेकवलेली लांब काठी उचलली आणि गिलाव्याचा एक पोपडा पाडला.

“ओ मुराळी! कामून डिवचता तिला?” दाजी धावत आले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला होता. “पिसं झडलीत तिची. भाईर पडली तर मांजराच्या तोंडी जाईल. पत्रकात न्हाई का लिवलं हे?”

मी काठी खाली ठेवली, पण हटलो नाही. आता भिंत लिंपायला पहारेकरी येणार आणि पकडला जाणार, याची वाट पाहत उभा राहिलो. नर आला. फळं दिली. भिंतीकडे ढुंकूनही न पाहता उडून गेला. मग आतून एक चोच पुढे आली, आडवी झाली, आणि आतलाच ओला मळ थापत पडलेली जागा पुन्हा बुजवू लागली. भिंत तिचीच होती. तरीही मला चैन पडेना. त्या चोचीला ही सवय कोणी लावली, किती पिढ्यांच्या भीतीनं लावली, हे त्या झाडाला कसं विचारायचं?

उन्हं कलताना मी पुन्हा दाराशी गेलो. “अक्का, एकदा समोर ये. आईची शपथ घे आणि सांग, हे तुझंच मन आहे.”

ती आतून हसली. “पयल्या डावाला माहेरी जाते म्हणाले, तवा ह्यांनी बी शपथच घातलती, हे तुला आईनं शिकवलं न्हाई ना म्हणून. तुमी दोघं सख्खे भाऊ शोभता बघ! जा आता. आईला सांग, सुईण हितं बी हाय.”

तिनं ‘मला सोडव’ म्हटलं असतं तर मी शपथ मागितली असती का? तिचा होकार मला नुसत्या शब्दावर चालला असता. नकाराला मात्र साक्ष हवी होती. दाजींवरचा माझा संशय फिटला नव्हता, आजही पुरता फिटलेला नाही. पण त्या दिवसापासून तो एकटा राहिला नाही. त्याच्या शेजारी माझ्यावरचाही एक येऊन बसला.

रिकामी दमणी घेऊन निघालो. घाटात दगडावर चाक आदळलं की मी बसल्या जागी हातभर उडे, दात दातांवर आपटत, पोटात कळ उठे, आणि दोन्ही हातांनी दांडी धरूनही तोल सावरेना. येतानाही रस्ता हाच असला पाहिजे; तेव्हा मला तो जाणवला नव्हता.