म्हशीची साय आणि द्राक्षाची ब्रँडी

आमच्या घरात दारूला शिवी होती आणि वाइनला खुर्ची. निफाडच्या बाजूला नव्वदीच्या शेवटी बऱ्याच बागायतदारांच्या घरी असंच झालं होतं. माझ्या वडिलांनी खायच्या द्राक्षांची अर्धी बाग काढून वाइनची द्राक्षं लावली. मग कंपनीची माणसं करार घेऊन ओट्यावर बसू लागली, आणि ज्या घरात प्यायलेल्या माणसाला उंबऱ्याच्या आत घेत नसत तिथे वाइनवर तासन्‌तास गप्पा होऊ लागल्या. कुणी टोकलंच तर वडील म्हणायचे, "वाइन म्हंजे दारू नाय. फळाचा रस हाय तो." हे त्यांनी इतक्या वेळा म्हटलं की त्यांचाच त्यावर विश्वास बसला. मला हसू यायचं आणि मी ते लपवायची नाही.

मी स्वतः दुधातली. डेअरी टेक्नॉलॉजी शिकले तेव्हा गावात म्हणून झालं की पोरीला दूधच शिकायचं होतं तर घरी म्हशी काय कमी होत्या. पदवी घेऊन नाशिकच्या एका डेअरीत लागले. एसटीने तिथल्या द्वारका चौकात उतरायचं, तिथून रिक्षा. आलेलं दूध पास करायचं की नापास, हे ठरवणं माझं काम. त्यातली एक चाचणी सगळ्यांनी ऐकून ठेवण्यासारखी आहे. परीक्षानळीत थोडं दूध घ्यायचं, तेवढंच अल्कोहोल घालायचं आणि नळी उलटीसुलटी करायची. काचेवर कण चिकटलेले दिसले की दूध परत. दूध जरासं जरी आंबायला लागलेलं असलं तरी अल्कोहोलपुढे त्याचा टिकाव लागत नाही. म्हणजे गावोगावचं पवित्र दूध रोज सकाळी दारूच्या परीक्षेला बसत होतं आणि पास झालं की मगच लेकरांच्या पेल्यात जात होतं. हे मी घरी सांगितलं तेव्हा वडिलांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

पुढे विंचूरला वाइन पार्क उभं राहायला लागलं. तिथे द्राक्षापासून ब्रँडी काढणाऱ्या एका छोट्या कारखान्याला प्रयोगशाळेत माणूस हवा होता. मी गेले. मालकांनी पहिलाच प्रश्न विचारला, घरचे सोडतील का. मी म्हटलं, "मी दावणीला नाही, मला कुणी सोडायला." नोकरी मिळाली. गावात वडील सांगायचे, मुलगी विंचूरला लॅबमध्ये आहे. कसली लॅब, हे कुणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

एकदा मालक परदेशातून एक जाडजूड बाटली घेऊन आले. ती माझ्या टेबलावर ठेवून म्हणाले, "मॅडम, दुधातलं इथे तुम्हालाच कळतं. हे आपल्याला जमेल?" आत बदामी रंगाचं दाट पेय होतं. वास आधी कॉफीचा, मग सायीचा, आणि सगळ्यात शेवटी मद्याचा. मी चमचाभर जिभेवर ठेवलं. बासुंदीच्या अंगात ऊब आली असती तर अशी लागली असती. मी त्यांना जमेल म्हणून सांगून टाकलं आणि मग कसं जमेल याचा अभ्यास सुरू केला.

मिळेल ते वाचून काढलं. मला वाटलं होतं, ही कुठल्या तरी जुन्या मठातली शेकडो वर्षं जपलेली कृती असणार. तसं काही नव्हतं. आयर्लंडकडचा प्रकार, आणि त्याचा जन्म माझ्या जन्माच्या आसपासचा, सत्तरच्या दशकातला. तिकडे गाईंची साय भरपूर, व्हिस्कीही भरपूर. कुणाला तरी वाटलं, दोन्ही एकत्र करून बघू. पहिल्यांदा ऐकणाऱ्यांनी नाकं मुरडली असणार, याची मला खात्री आहे. हा इतिहास मला फार आवडला. परंपरा नव्हती म्हणून कुणी अडलं नव्हतं. मग आमचं काय अडलं होतं? आमच्याकडे ब्रँडी होती आणि म्हशी होत्या.

कृती सांगायला सोपी, करायला हट्टी. साय आणि मद्य नुसतं एकत्र केलं तर थोड्या वेळात लोणी वर येतं आणि खाली पाणी राहतं. म्हणून सायीतले स्निग्धाचे थेंब मोठ्या दाबाच्या यंत्रातून काढून इतके बारीक करायचे की त्यांना वर यायचं सुचूच नये. यंत्राचं नाव होमोजिनायझर. मालकांनी तो जुना घेतला होता आणि तो चालू झाला की अख्खी शेड थरथरायची. त्या बारीक थेंबांभोवती दुधातल्याच प्रथिनाचं पांघरूण लागतं. साखर लागते. म्हशीच्या दुधात कॅल्शियम जास्त, त्यामुळे बाटलीतलं पेय महिन्याभरात खिरीसारखं घट्ट होऊन बसायचं. तिथे सायट्रेट नावाच्या क्षाराची चिमूट वाढवावी लागली. पुस्तकातली सगळी मापं गाईची. म्हशीची मापं मी बसवली, नासवत नासवत, आणि याचा मला आजही अभिमान आहे.

साय कुठून आणायची, हा प्रश्न निघाला तेव्हा मी आधी माझ्या जुन्या डेअरीत गेले. तिथल्या साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, दारूसाठी आम्ही साय देणार नाही, दुधाची विटंबना होईल. त्यांच्या मागच्या कपाटात चाचणीच्या अल्कोहोलच्या बाटल्या ओळीने उभ्या होत्या. मी त्या ओळीकडे बोट दाखवून नमस्कार केला आणि बाहेर पडले.

मग मी आईकडे गेले. आई आणि गल्लीतल्या काही बायका मिळून तूप करून विकायच्या. त्यांच्याकडे हाताने फिरवायचं एक यंत्र होतं, त्यात दूध घातलं की एका तोटीतून साय आणि दुसरीतून पातळ दूध येई. मी आईला काही न लपवता सांगितलं, ही साय ब्रँडीत जाणार. आई यंत्राचं हँडल फिरवत राहिली. म्हणाली, "ताजी लागल का शिळी?" एवढंच तिचं विचारणं. वडिलांना तिने सांगितलं नाही. तुपाचा धंदा बायकांचा, त्यात वडील कधी डोकावत नसत.

लहान लहान बाटल्यांत ते जमलं. उन्हाळ्यात बाटल्या खिडकीत ठेवल्या, तरी आतलं पेय फाटलं नाही. मालक खूश झाले. त्यांनी मुंबईहून माल उचलणारे व्यापारी बोलावले आणि त्यांच्यासमोर पहिली मोठी टाकी भरायची ठरवली. साय भरपूर लागणार होती. आईने गल्लीत सगळ्यांना सांगून ठेवलं, या खेपेच्या सायीला विरजण लावायचं नाही.

आता आमच्याकडची बाई अशी आहे की साय बिनविरजणाची ठेवून झोपू शकत नाही. तूप करायचं तर साठवलेल्या सायीला दह्याचं बोट लागलंच पाहिजे, नाहीतर तूप कडू होतं आणि सासरचे नावं ठेवतात. हे ज्ञान लहानपणापासून हातात असतं, डोक्यापर्यंत जात नाही. आईचा निरोप न पोचलेल्या माझ्या काकूने संध्याकाळी आमच्याकडे जमलेले कॅन उघडले, वास घेतला, विरजण लावलेलं नाही हे तिच्या लक्षात आलं आणि तिने प्रेमाने प्रत्येक कॅनमध्ये ते लावून टाकलं. नंतर म्हणाली, "मोठ्या जाऊबाई इसरल्या आसतील म्हणून मीच लावलं. रातभर जिवाला घोर लागला आसता."

कारखान्यात साय आली. व्यापारी खुर्च्यांवर बसले होते, मालकांनी कोट घातला होता. मी नेहमीप्रमाणे परीक्षानळीत साय घेतली, अल्कोहोल घातलं, नळी उलटवली. काचेवर रवा पसरावा तसे कण. मी दुसऱ्या कॅनमधून घेतली, तेच. मी सांगितलं, ही साय टाकीत जाणार नाही. मालक जवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "थोडी आंबट असली तर काय होतं? साखर आहेच की. घाला." मी म्हटलं, फाटेल. ते म्हणाले, पाहुणे बसलेत. मी म्हटलं, पाहुणे बसलेत म्हणूनच घालत नाही.

व्यापारी चहा पिऊन गेले. त्यानंतर मालक जे बोलले ते त्यांनी ओरडून सांगितलं असतं तर मला कमी लागलं असतं. "ते परवा परत येतायत. परवा तुमच्या सायीतून माल निघाला तर ठीक. नाहीतर मी बाहेरून साय-साखरेचा तयार बेस मागवतो, आपण फक्त त्यात ब्रँडी मिसळू. मग लॅबची गरज नाही. तुम्ही लेबलांकडे बघा." इतक्या महिन्यांचं माझं काम, आणि मी बाटल्यांवर कागद सरळ चिकटलाय का ते बघायचं. मला संताप आला आणि त्याहून जास्त भीती वाटली.

घरी पोचले तर ओट्यावर दुसरंच पेटलं होतं. विरजणाचा घोळ गल्लीभर झाला होता आणि त्यातून साय कुठे जाते तेही वडिलांना कळलं होतं. ते उभे होते. आई खाली बसून लसूण सोलत होती.

"माझ्या घरचं दूध दारूत जायचं नाय," वडील म्हणाले. "लोक तोंडात शेण घालतील."

"नाना, तुमची द्राक्षं कुठं जातात?" मी विचारलं.

"द्राक्षाचं येगळं. दूध लक्ष्मी हाय."

"आणि द्राक्ष कोण, मोलकरीण?"

"जिभेला हाड नाय तुझ्या. उद्या तुझं लग्न कोण करील? दारूत दूध घालणारी म्हणून नाव निघंल."

"निघू द्या. दुधात पाणी घालणारे गावात ताठ मानेने फिरतात. मी तर दुधात पाण्याचा थेंब घातलेला नाही."

 वडील आईकडे वळून म्हणाले, "उद्यापास्नं साय द्यायची नाय. सांगून ठिवतो." आणि आत गेले. आई लसूण सोलत राहिली. मला तिचा रागच आला. तोंड उघडून एक शब्द तरी बोल, असं मला तिला सांगायचं होतं, पण मी तशीच उपाशी झोपले.

सकाळी धारा काढून आई बादली घेऊन आली. वडील देवघरासमोर बसले होते. आईने बादलीतून वाटीभर दूध काढून त्यांच्यासमोर नैवेद्याला ठेवलं. मग तीच बादली उचलून ओट्यावर गेली आणि यंत्राच्या भांड्यात ओतली. हँडल फिरायला लागलं.

"मी काल काय सांगितलं?" वडील आतूनच म्हणाले.

"ऐकलं," आई म्हणाली. "आधी देवाला ठिवलं, मग हिच्या कॅनला. म्हैस तीच हाय." हँडल थांबलं नाही.

थोड्या वेळाने काकू आपली बादली घेऊन आली. मागून इतर बायका.  सगळी साय गोळा झाली तेव्हा आईने प्रत्येक कॅनच्या झाकणाला फडकं बांधलं आणि काकूला म्हणाली, "आता यात बोट घालशील तर बघ." दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. सगळे कॅन बर्फात ठेवले आणि ते न्यायला कारखान्याची गाडी आली तेव्हा आई त्यांच्याशेजारी चढून बसली. मी म्हटलं, तू कशाला. ती म्हणाली, "माझं दूध हाय. कुठं जातंय ते बघू दे."

व्यापाऱ्यांच्या समोर मी नळी उलटवली. काच स्वच्छ. मग होमोजिनायझर सुरू झाला, शेड थरथरली आणि आई पदर कानावर घेऊन भिंतीशी उभी राहिली. ब्रँडी बारीक धारेने टाकीत पडत होती आणि मी काठावर वाकून बघत होते.  मिश्रण एकजीव होत गेलं, बदामी, दाट, कुठे एक कण नाही. व्यापाऱ्यांनी चव घेतली आणि एकमेकांकडे पाहिलं. मालक मला म्हणाले, "मॅडम, बेस मागवत नाही." आईलाही कुणीतरी पेला पुढे केला. तिने तो नाकाशी नेला आणि परत दिला. "वास चांगला हाय," म्हणाली. "पण आमच्यात पीत नाय."

परत आलो तेव्हा वडील फाटकाशी उभे होते. बराच वेळ उभे असावेत. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही.

"फाटलं का?" त्यांनी आईला विचारलं.

"नाय."

 वडील म्हणाले, "मला इचारायचं तरी होतं."

आई गाडीतून रिकामे कॅन उतरवत होती. ती म्हणाली, "तुम्ही बाग तोडली, वाइनची द्राक्षं लावली. तवा मला इचारलं व्हतं?" आणि कॅन धुवायला नळाकडे गेली.