अंगणात फेकलेले शहाळे

मे महिन्यात आमच्या उमरखेडच्या बाजूला शहाणा माणूस घराबाहेर पडत नाही. आम्ही पडलो, आणि तेही समुद्र पाहायला. मी शिकवतो त्या शाळेतल्या इतर गुरुजींनी यथेच्छ थट्टा केली. "पैनगंगा आटली म्हणून थेट समुद्रावर चालले काय?" मी हसून वेळ मारून नेली. खरे कारण त्यांना सांगण्यासारखे नव्हते. मला चार दिवस अशा गावी राहायचे होते, जिथे माझे आडनाव ऐकून कुणाचा हात आखडणार नाही. बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन पाच वर्षे झाली होती. घरातला देव्हारा रिकामा केला, पोथ्या बदलल्या. पण गावची विहीर होती तिथेच होती आणि आम्ही तिच्यापासून पूर्वीइतकेच लांब होतो.

माझी बायको सखू हिच्याजवळही मी हे कारण बोललो नव्हतो. तिला ते न सांगताच कळले असावे, कारण तिने एकदाही "एवढ्या लांब कायले?" असे विचारले नाही.

यवतमाळकडे जाणारी मोटार एका फाट्यावर चहासाठी थांबते. तिथल्या हॉटेलात काचेचे पेले मांडलेले असतात, आणि मागच्या बाजूला वळचणीला कान तुटलेले दोन कप. ते आमचे. माझ्या लहानपणी तिथे नारळाच्या करवंट्या होत्या. स्वराज्य आले आणि कप आले, एवढी प्रगती झाली खरी. चहा प्यायचा, कप स्वतः विसळायचा आणि पुन्हा वळचणीला ठेवायचा. त्या दिवशी मी मोटारीतून उतरलोच नाही.

"येतानाही उतरायचं नाही इथं," मी सखूला बजावले.

"अन् तहान लागली तं?"

"तरीही नाही."

पुढे मुंबईपर्यंत रेल्वे आणि तिथून आगबोट. आगबोटीत सखूला उलट्यांनी हैराण केले, आणि मी तिच्यापुढे टोपले धरून बसलो. बंदरात उतरून होडीने बेटावर गेलो. बेटाचे नाव मी लिहीत नाही. पुढे जे घडले त्याची लाज वाटते म्हणून. माडांच्या सावलीत पंधरा-वीस शाकारलेली घरे होती. वाळूवर बांगडे वाळत घातले होते आणि त्यांचा वास थेट नाकात शिरत होता. पाणी मात्र असे निळे, की सखू उलट्या विसरून त्यात जाऊन उभी राहिली. तिने ओंजळ भरून तोंडाला लावली आणि थुंकून टाकली.

"अबब, इतकं पाणी, अन् एक घोट पेता येत नाही!" ती म्हणाली. ती हसत होती. मला आमच्या विहिरीचा काठ आठवला आणि हसू आले नाही.

ट्रेनिंग कॉलेजातल्या माझ्या एका कोकणी सोबत्याने पार्वतीबाईंच्या घरी आमची सोय केली होती. मासळी विकून राहणारी एकटी म्हातारी. "येवा, बसा," म्हणत तिने अंगणात चटई टाकली. आमच्याकडे पाव्हणा दारात आला, की आधी पाण्याचा तांब्या पुढे येतो. तो आला नाही की माणूस काय ते समजतो. आतल्या फळीवर घासलेला पितळी तांब्या मला बसल्या जागेवरून दिसत होता. म्हातारीने त्याला हात लावला नाही. कोयत्याने आडसर (शहाळे) छाटले आणि ते माझ्या हातात दिले.

माझे डोके फिरले. सोबत्याने पत्रातून सगळे कळवले असणार. प्यायचे आणि फेकून द्यायचे, म्हणजे हिचे भांडे बाटायला नको!

"इथंही करवंटीच काय?" मी ओरडलो. "इतक्या दूर आलो, तरी करवंटीच देता आमाले?"

आणि शहाळे अंगणात फेकले. पाणी वाळूत जिरून गेले. म्हातारी कोयता हातात घेऊन नुसती पाहत राहिली. मी ट्रंक उचलली आणि किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या एका होडीच्या सावलीत जाऊन बसलो. सखू मागून आली.

"मले एक घोट तं पेऊ द्याचा होता," एवढेच ती बोलली.

उन्हे कलताना बंदराकडून एक होडी आली. तिच्यात पाण्याची पिंपे होती. बायका कळश्या घेऊन धावल्या आणि प्रत्येकीला एकच कळशी मिळाली. उन्हाळ्यात बेटावरची बाव (विहीर) खारी होते, हे मला त्या गर्दीतल्या बोलण्यावरून कळले. पार्वतीबाई आपली कळशी घेऊन सरळ आमच्याकडे आली. तोच पितळी तांब्या तिने भरला आणि माझ्या हातात दिला. तिची बोटे माझ्या बोटांना लागली.

"तुका आडसर आवडणा नाय काय, झिला (बाळा)? ह्या गोडा पाणी घे. बावीचा खारा पाणी पावण्याक कसा देवचा?"

मी तांब्या सखूला दिला. ती गटागटा प्यायली. मला माफी मागायची होती. पण त्यासाठी कारण सांगावे लागले असते, आणि कारण सांगायला आधी जात. ती ऐकल्यावरही म्हातारीची बोटे तशीच लागली असती का, मला ठाऊक नाही. विचारायची छाती झाली नाही.

तीन दिवस तिने आम्हाला भात आणि बांगड्याचे कालवण वाढले, तांदळाच्या भाकरी थापल्या. तिची भाकरी गोड होती, पण मी अर्धीवरच हात धुऊन उठत होतो. निघताना ती सखूला म्हणाली, "परत येवा." मी खाली मान घालून होडीत चढलो.

परतीच्या वाटेवर मोटारीचे चाक बसले ते नेमके त्याच फाट्यावर. भर दुपार होती, आमची सुरई रिकामी झाली होती, सखूचे ओठ सुकले होते. मी उतरलो.

"या गुरुजी, लई दिवसानं आले," हॉटेलवाला हसून म्हणाला. "कप तिथंच हाय."

मी वळचणीचा कप काढून पुढे केला. त्याने वरून पाणी ओतले. ते सखूला दिले. मग त्यातच चहा घेतला. प्यायल्यावर कप विसळला आणि जागच्या जागी पालथा ठेवला.

मोटार सुरू झाल्यावर सखू हलकेच म्हणाली, "म्हातारीचं तं फेकलं तुमी. याचा कप काहून धुतला?"

उत्तर मला ठाऊक होते. म्हातारीची मला भीती वाटली नव्हती.