साकवाचे दोन कळक

नोकरीत पुष्कळ प्रकरणे हाताखालून गेली, पण भुदरगड पेट्यातल्या त्या साकवाचे प्रकरण मनातून काही केल्या जात नाही. महाराजांचा अंमल होता आणि मी संस्थानच्या पोलिसात फौजदार होतो. कुणाचे नाव लिहीत नाही. त्यांची नातवंडे आजही तिथेच नांदत आहेत.

ओढ्याच्या अलीकडे गाव, पलीकडे वाडी आणि मध्ये बांबूचा साकव, दोन्ही अंगांना धरायला लांब कळक, म्हणजे बांबूच, बांधलेले. गावचा बुरूड दरवर्षी पावसाआधी तो नीट करी. पिचलेला कळक तेवढा काढायचा आणि बेटातला पक्का तोडून तिथे बांधायचा. तोडलेल्या बेटाला पुन्हा कोंब फुटत, त्यामुळे सामान कधी कमी पडले नाही.

एका पावसाळ्यात गावचा कल्हईवाला, जातीने मुसलमान, वाडीत मुक्कामाने काम करून परतत असताना ओढ्यात बुडाला. पाठोपाठ पुराने साकवही नेला. त्याच्या भावाने फिर्याद दिली की बुरडाने कुजके कळक बांधले, म्हणून साकव मोडला. वरच्या कचेरीने शेरा मारला की बांबूवर भरवसा ठेवणेच चूक, लोखंडी पूल होईपर्यंत साकव बांधू नये. त्या डोंगरात लोखंड कधी पोचणार होते, ते त्यांनाच ठाऊक! मी बुरडाला कच्च्या कैदेत घेतले.

जबानीत तो एकच सांगे, "कळक माझं हुतं सायब, पर कुजकं नव्हतं." गुन्हा सिद्ध झाला असता तर तुरुंग ठरलेला, आणि मागे बायकापोरे उघड्यावर.

त्याची बायको भाकरी घेऊन ठाण्यात येई. एके दिवशी ती दारातच उभी राहिली.

"सायब, कल्हईवाला बुडायच्या आदल्या दिशी वाडीत एक म्हातारी गेली. तिरडीचं कळक दरयेळी आमच्या दारातनं जात्यात. त्या दिशी कोणबी आलं न्हाय. पलीकडं तर बांबूचं एक बेट न्हाय. मग तिरडी कशाची केली, एवढं इचारा की."

पाणी उतरल्यावर हवालदाराला घेऊन मी वाडीच्या मसणवटीत गेलो. तिरडी कुणी घरी परत आणत नाही. राखेच्या कडेला अर्धवट जळालेला कळक पडला होता आणि त्याला बांधणीच्या जुन्या खाचा होत्या. तिरडीच्या कळकाला खाचा कशाला हव्यात? पंचांसमक्ष तो जप्त केला.

म्हातारीचा मुलगा मुंडण केलेल्या डोक्याने ओट्यावर बसला होता. कळक पुढे ठेवताच त्याचा चेहरा उतरला. दरडावायची वेळच आली नाही.

"वारं असं हुतं, मोकळ्या हातानं धरून माणूस साकव वलांडंल, पर लांब कळक घिऊन न्हाय. आईला किती येळ तशीच ठेवायची? आमच्या बाजूचं धरायचं दोन कळक सोडून आणलं. सोडलं ते सोडलं, पर सुतकात बांधणीला हात लावायचा न्हाय. दहावं झाल्यावर नवं बांधीन म्हटलं."

"कुणाला सांगितलं का नाहीस?"

"तिरडीला साकवाचं कळक लावलं म्हटल्यावर साकवावर कुणी पाय ठेवला नसता." मग खाली बघत म्हणाला, "दुसऱ्या दिशी त्यो येताना मी बांधावर हुतो. साकव धड हुता सायब. त्यानं सवयीनं धराय हात टाकला. मी हाक मारली, पर पाण्याच्या आवाजात त्येला ऐकू गेली न्हाय."

हवालदार माझा जुना, राकट माणूस. त्यानेही तोंड फिरवले.

मुलाला कोर्टाने शिक्षा दिली. बुरूड सुटला. माणसाचा हेतू शोधायची आम्हा पोलिसांना खोड असते, पण त्या घरात मला फक्त नड सापडली. तरी एक जीव गेला होता आणि एक निर्दोष माणूस तुरुंगात जाता जाता वाचला होता. तेव्हापासून कुणाच्या जबानीआधी मी विचारू लागलो, तुझ्या घरात त्या दिवशी काय झाले होते?

कचेरीचा शेरा मी लिहून लिहून फिरवून घेतला. पुढच्या उन्हाळ्यात बुरडाने नवा साकव बांधला. मी पाहायला गेलो तेव्हा वाडीच्या बाजूला, छपराखाली, त्याने दोन लांब हिरवे कळक वेगळे टांगले होते. साकवात ते कुठेच बसत नव्हते. मी त्याच्याकडे पाहिले.

तो म्हणाला, "वाडीतबी म्हातारी माणसं हाईत, सायब."